बोगद्याशेजारची गरम गाडी

अक्कानं आयुष्यभर थंडी सांभाळली. लोक पैसा सांभाळतात, अब्रू सांभाळतात. अक्का थंडी सांभाळायची. शहराबाहेरच्या कोल्ड स्टोरेजमध्ये. आत गोठवलेले मासे, मटार, आइस्क्रीमची खोकी. बाहेर ऊन आणि ट्रकांची रांग. मधे एक जाडजूड सरकतं दार. ते दार म्हणजे अक्काचा प्रांत.

खरं तर ती तिथे खोकी भरायला लागली होती. एकदा दाराच्या कडेचं रबर फाटलं. मेकॅनिक सुट्टीवर होता. फटीतून बाहेरची हवा आत शिरायला लागली आणि छताला बुरशीसारखा बर्फ धरला. मुकादम नुसता फोन लावत बसला. अक्कानं हातातलं खोकं खाली ठेवलं. जुनं रबर सोलून काढलं, चौकट कोरडी पुसली आणि नवं रबर कोपऱ्यापासून दाबत दाबत बसवलं. दार लागलं तेव्हा आवाजसुद्धा झाला नाही.

मुकादम म्हणाला, "बाई, तुमचं लग्न या दाराशीच लावून दिलं पाहिजे."

लग्न झालं ते मात्र शिंप्याशी. त्यालाही कारण कोल्ड स्टोरेजच. कामगारांचे जाड कोट शिवायचं काम त्यांच्याकडे होतं. सगळे त्यांना मास्तर म्हणत. एक दिवस अक्का नवाकोरा कोट घेऊन त्यांच्या दुकानात गेली आणि कोट टेबलावर टाकून म्हणाली, "याच्यातून थंडी येते."

मास्तरांनी चष्म्यावरून बघितलं. "कुठून येते म्हणे?"

"शिवणीतून. जिथे जिथे टाका घातलाय तिथे कापूस दबलाय. पाठीवर थंडीच्या रेघा उमटतात. तुम्ही घालून आत उभे राहा, म्हणजे कळेल."

मास्तरांच्या टाक्यात तोवर कुणी खोट काढली नव्हती. त्यांना राग आला. तो ओसरल्यावर त्यांनी कोट उसवला. कापसाचे दोन थर वेगवेगळे शिवले, एकाची शिवण दुसऱ्याच्या फुगीर भागावर येईल असे. मग एकावर एक ठेवून फक्त कडा जोडल्या. कोट द्यायला ते स्वतः गेले. अक्का तो घालून आत गेली, बराच वेळ आत राहिली, बाहेर आली.

"आता?" मास्तरांनी विचारलं.

"आता बरं आहे."

पुढे संसारातही याहून मोठी शाबासकी मास्तरांना मिळाली नाही. हे ते सगळ्यांना सांगतात. अक्का ते नाकारत नाही.

पुढे अक्का दारांची मेकॅनिक झाली. "दार!" हा तिचा मंत्र होता. कुणी फट ठेवून गेलं की तिची हाक गोदामभर घुमायची. ती सवय घरीही आली. फ्रिज उघडून विचार करत उभ्या राहिलेल्या पाहुण्यालाही तिनं "दार!" म्हणून दचकवलेलं आहे. लेक लहानपणी पहिला शब्द हाच बोलली, असं मास्तर म्हणतात. ही थाप असावी.

तीच लेक इंजिनियर झाली. उंच डोंगरात रस्त्यासाठी बोगदा खणत होते, तिथे तिला काम मिळालं. खडक कुठे पक्का, कुठे भुसभुशीत, हे बघायचं आणि आज किती पुढे जायचं ते सांगायचं. ती सांगेल तेवढंच मशिन चालायचं. घरी फोन केला की ती जेवलीस का, झोपलीस का याची उत्तरं एका शब्दात द्यायची, आणि खडकाबद्दल अर्धा तास बोलायची. अक्काला त्यातलं निम्मं कळायचं. पण काम आवडणाऱ्या माणसाचा आवाज तिला पुरता ओळखू यायचा.

मग छकुली झाली. लेक बाळंतपणाला आईकडे आली. जावई जहाजावर, वर्षातला बराच काळ पाण्यावर. रजा संपत आली आणि हिवाळा तोंडावर आला.

एका दुपारी भांडी पुसता पुसता लेक म्हणाली, "आई, मी नोकरी सोडतेय."

अक्कानं पाण्याचा नळ बंद केला.

"तिथे कामगारांच्या खोल्या आहेत. एकेका खोलीत चौघी. लहान मुलांना परवानगी नाही. खालच्या गावात खोली घेतली, तर बर्फ पडला की रस्ता बंद. मी वर, ही खाली. ही अजून अंगावर पिते. तिला इथे तुमच्याकडे ठेवून मी महिनोन्महिने वर राहू?"

"आणि बोगदा?"

"बोगदा दुसरं कुणीतरी खणेल." ती हे इतकं सहज म्हणाली की खोटं आहे हे मास्तरांनाही कळलं.

अक्कानं नळ पुन्हा सोडला. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा गाळताना म्हणाली, "आम्ही येतो वर."

"कुठे राहणार? तंबूत?"

"गाडीत. बंद गाडी घेऊ, तिचंच घर करू. तुझ्या खोल्यांशेजारी लावू. तू कामावर जा, मधल्या सुट्टीत येऊन पाजत जा."

"आई, तिथे रात्रीत बाटलीतलं पाणी गोठतं."

"गोठू दे. मला काय थंडी नवीन आहे?"

"तुला नाही," लेक म्हणाली. "हिला आहे."

पाळण्यातली छकुली स्वतःच्या मुठीकडे बघत होती. अक्काही तिच्या मुठीकडे बघत राहिली. अवघी लिंबाएवढी मूठ.

लेकीनं बोगद्याच्या मुख्य बाईंना फोन केला. तिकडचे सगळे त्यांना मॅडम म्हणत. मॅडमनी पूर्ण ऐकून घेतलं. म्हणाल्या, "गाडी आणा. मी स्वतः आत बसून बघेन. पटलं तर बाळ राहील. नाही पटलं तर नाही. माझ्यावर इथे लहान जिवाची जबाबदारी येते." अक्काला ही भाषा आवडली. कोल्ड स्टोरेजमध्ये असं बोलणारे साहेब फार थोडे होते.

गाडी आली. पार्सलं पोचवणारी जुनी व्हॅन, आतून नुसता पत्रा. अक्कानं तिच्यात उभं राहून चारी बाजूंना टिचकी मारली. मास्तरांना म्हणाली, "सोपं आहे. उलटं कोल्ड स्टोरेज. तिथे ऊब आत येऊ द्यायची नव्हती, इथे बाहेर जाऊ द्यायची नाही."

घरामागच्या बोळात काम सुरू झालं. पत्र्याला आतून लोखंडी फासळ्या असतात. बहुतेक लोक फासळ्यांच्या मधल्या जागेत फोम भरतात आणि वर प्लायवुड ठोकतात. अक्कानं तसं केलं नाही. तिनं फासळ्यांवरूनही फोम नेला. प्लायवुडचा एकही स्क्रू लोखंडाला भिडू दिला नाही. तिच्या कोल्ड स्टोरेजमध्ये एकदा कुणीतरी कपडे टांगायला भिंतीत आरपार खिळा ठोकला होता. आठवड्याभरात त्या खिळ्याच्या डोक्यावर बर्फाचं फूल उमललं. थंडी लोखंडावरून चालत येते, हे तिनं डोळ्यांनी बघितलं होतं. फरशीखाली फोम, छताला फोम, दाराला दुहेरी रबर. डिझेलवर चालणारा छोटा हीटर सीटखाली बसवला. जळायला लागणारी हवा तो गाडीबाहेरून घेई आणि धूर नळीनं बाहेर सोडी. विषारी वायू साचला तर वाजणारी घंटी तिनं उशाशी लावली आणि रोज बटण दाबून वाजवून बघितली. बोळातल्या मांजरांनी त्यामुळे तो बोळच सोडला.

मास्तरांकडे खिडक्या होत्या. त्यांनी प्रत्येक काचेच्या मापाची जाड गादी शिवली, त्या पहिल्या कोटासारखी, दोन थरांची, शिवणीवर शिवण न येणारी. पुढची काच मोठी आणि वाकडी. तिनं मास्तरांच्या नाकी नऊ आणले.

"तुमच्या व्हॅनला कंबर नाही, खांदे नाहीत," ते कुरकुरले. "असल्या बेढब गिऱ्हाइकाचं माप मी जन्मात घेतलं नव्हतं."

"लग्नाआधी माझ्याबद्दलही असंच म्हणाला होतात."

"तेव्हा मनात म्हणालो होतो. तुला कुणी सांगितलं?"

शेवटी अक्कानं छताकडे बघितलं. तिथे हवा खेळायला कंपनीनंच बसवलेलं झाकण होतं. मागच्या दाराखाली एक जाळी होती. अक्काला ती दोन्ही भोकं बघवेनात. तिनं दोन्हीकडे फोम कोंबला आणि वरून सांधे बुजवायचं सिलिकॉन ओढलं. गाडी डबीसारखी बंद झाली. तिनं दार लावलं. आवाज आला नाही.

थंडी पडली तशी दोघं गाडीत झोपून बघायला गेली. हीटर मंद लावला. आत अशी ऊब की मास्तरांनी स्वेटर काढून ठेवला. अक्काच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

सकाळी मास्तर उठले ते कपाळ पुसतच. छतावरून त्यांच्या कपाळावर थेंब पडत होते. खिडकीच्या गाद्यांखाली पाण्याचे ओघळ. अंथरूण उचललं, तर खालची फळी ओली. दोघांची डोकी जड झाली होती.

"वा," मास्तर म्हणाले. "गाडीत नदीची सोय पण केलीस."

"कुठूनतरी गळतंय," अक्का म्हणाली. ती शिडी लावून छतावर चढली. एकेक सांधा बोटानं चाचपला. कुठेच काही सापडलं नाही. म्हणून तिनं सगळ्याच सांध्यांवर सिलिकॉनचा आणखी एक थर दिला.

पुढच्या खेपेला पाणी वाढलं. अंथरूण ओलं म्हणजे गारही झालं. हीटर वाढवला तर हवा गरम आणि गादी गार, असा प्रकार. अक्का पुन्हा छतावर. लेक दारात छकुलीला घेऊन उभी राहायची आणि तशीच आत जायची. तिनं फोनवर हळू आवाजात कुणाला तरी विचारलं, नोकरी सोडायची तर किती आधी कळवावं लागतं. अक्कानं ते ऐकलं. त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती छतावर होती तेव्हा मास्तरांनी घरालगतच्या दुकानाच्या दारातून हाक मारली. "अगं, खाली उतर."

"काम चाललंय."

"तेच थांबव. उतर आधी. एक गंमत दाखवतो."

दुकानात त्यांनी एक लोकरी पँट इस्त्रीला घेतली होती. पण नेहमीच्या घोंगडी घातलेल्या टेबलावर नाही. कापड कापायच्या लोखंडी टेबलावर. ओलं फडकं घालून त्यांनी इस्त्री दाबली, वाफ उसळली. मग पँट उचलली. खालचं लोखंड ओलंचिंब होतं.

"हे पाणी कुठून आलं?"

"फडक्यातून. वाफ झाली, गार लोखंडाला लागली, पाणी झालं."

"छप्पर गळलं म्हणून नाही?"

अक्कानं ओल्या लोखंडावरून बोट फिरवलं.

"शिकाऊ असताना मी एकदा लोखंडावर इस्त्री केली होती," मास्तर म्हणाले. "उस्तादांनी कान पिळला. म्हणून आठवलं. अगं, गाडीतलं पाणी बाहेरचं नाहीच. आपलं आहे. तुझं, माझं आणि त्या चहाच्या किटलीचं. रात्रभर आपण दोघं वाफ सोडतो. जाईल कुठे बिचारी? तू तिला वाटच ठेवली नाहीस."

अक्का तिथल्या स्टुलावर बसली. कोल्ड स्टोरेजमधल्या नळ्यांवरचा बर्फ तिनं जन्मभर खरवडला होता. तो कुठून येतो हेही तिला माहीत होतं. उघड्या दारातून, आत शिरणाऱ्या माणसांच्या श्वासातून. म्हणून तर ती ओरडायची. पण तिथला माल श्वास घेत नव्हता. मासे रात्री कूस बदलत नाहीत. मटाराला घाम येत नाही. तिथे माणूस म्हणजे बाहेरून येणारी कटकट होती. या गाडीत माणूसच माल होता.

तिनं मास्तरांना शाबासकी दिली नाही. म्हणाली, "ड्रिल कुठे ठेवलंत?"

छताच्या झाकणातला फोम तिनं उपसून काढला. खालची जाळी मोकळी केली. पण ती जाळी नेमकी झोपायच्या बाजूला होती. वारा थेट बाळाच्या पायांवर आला असता. ती पुन्हा बंद करायची आणि हीटरच्या मागे नवं भोक पाडायचं, म्हणजे आत येणारी हवा आधी शेकून येईल, असं तिनं ठरवलं. ड्रिलचं टोक भिंतीला टेकवलं. आणि तिचा हात थांबला. स्वतः भरलेली, स्वतः बंद केलेली भिंत. एकही खिळा आरपार जाऊ न दिलेली.

"मी पाडू का?" मास्तरांनी विचारलं.

"तुम्ही कापड फाडा. माझ्या गाडीला हात लावायचा नाही."

तिनं डोळे मिटले नाहीत. भोक पडलं. बाहेरची गार हवा बारीक शीळ घालत तळहाताला लागली. तिनं हात तसाच धरून ठेवला, बराच वेळ. मग भोकाला जाळी लावली, गादीखालची सलग फळी काढून तिथे फटी ठेवून पट्ट्या ठोकल्या, म्हणजे खालूनही हवा फिरेल. हीटर आता थोडा जास्त लागणार होता. लागू दे.

पुढच्या सकाळी मास्तरांनी खिशातला रुमाल काढून छतावरून फिरवला आणि अक्काच्या मांडीवर टाकला. रुमाल कोरडा होता.

डोंगरात गाडी अक्कानंच चालवली. शेजारी मास्तर, मागे लेक आणि छकुली. झाडं खुजी होत गेली, मग संपली. बोगद्याचं तोंड लांबून एखाद्या काळ्या टिकलीएवढं दिसलं. लेक पुढे वाकून बघायला लागली. तिथे पोचेपर्यंत तिनं मान मागे घेतली नाही.

दुसऱ्या दिवशी बर्फ भुरभुरत असताना मॅडम आल्या. ठेंगण्या, गळ्याला जाड मफलर, खडकाच्या धुळीनं बसलेला आवाज. बोगद्यात पुढे कुठेतरी पाणी लागलं होतं. डोळ्यांवरून वाटत होतं की बाई कित्येक दिवस धड झोपलेल्या नाहीत. त्यांनी बूट दाराशी काढले, हातमोजे काढले आणि उघडा तळहात भिंतीवरून, छतावरून, गादीखालून फिरवला. मग हीटरमागे वाकल्या.

"हे भोक?"

"ते लागतं."

"बाहेर बर्फ पडतोय, अक्का."

"हो. बंद केलं तर गाडीला घाम फुटतो. अंथरूण भिजतं. मी करून बघितलंय, मॅडम. मास्तरांना विचारा, भिजलेत ते."

"दोनदा," मास्तर म्हणाले.

मॅडमच्या ओठांचा कोपरा जरा हलला. "बरं. आता हीटर बंद करा."

अक्कानं छकुलीकडे बघितलं.

"इथे मशिनं बंद पडतात," मॅडम म्हणाल्या. "हीटरही पडेल. तेव्हा काय होतं, ते मला बघायचंय. मी बसते."

अक्कानं हीटर बंद केला. त्याची घरघर थांबली आणि बाहेरचा वारा अचानक ऐकू यायला लागला. लेक उठली. "मी छकुलीला खोलीत घेऊन जाते तोवर."

"नको," अक्का म्हणाली. "इथेच राहू दे."

लेकीनं आईकडे बघितलं. मग मॅडमकडे. मग ती परत खाली बसली आणि छकुलीची टोपी काढून बाजूला ठेवली. टोपी काढायची काही गरज नव्हती.

सगळे बसून राहिले. मॅडमनी अक्काला कोल्ड स्टोरेजचं विचारलं. अक्का आधी तुटक बोलली, मग दारांवर आली आणि सुटलीच. आतून बंद झालेलं दार आतूनच उघडता आलं पाहिजे म्हणून ती कशी भांडली. दार गोठून चिकटू नये म्हणून चौकटीत गरम तार कशी फिरवतात. मॅडम खोदून खोदून विचारत होत्या. त्यांनाही बोगद्यात पाण्याचीच अडचण होती, आणि पाण्याला कोंडण्यापेक्षा वाट देणं बरं, यावर दोघींचं एकमत झालं. मास्तरांनी खिडक्यांच्या गाद्यांचा विषय काढायचा बराच प्रयत्न केला, पण त्यांना कुणी संधी दिली नाही.

मॅडमनी मफलर सैल केला. थोड्या वेळानं कोटाचं वरचं बटण काढलं. मग अक्का काहीतरी सांगत असताना त्यांचं उत्तर आलं नाही. अक्कानं बघितलं. मॅडम भिंतीला डोकं टेकून झोपल्या होत्या. तोंड किंचित उघडं.

चौघांनीही, म्हणजे छकुली धरून, श्वास रोखला.

काही वेळानं दारावर थाप पडली. अक्कानं दार इंचभर उघडलं. बाहेर फोरमन उभा होता, खांद्यावर बर्फ घेऊन. आडदांड माणूस.

"मॅडम इकडे आल्यात का? किती वेळ शोधतोय."

अक्कानं ओठांवर बोट ठेवलं. "झोपल्यात."

"कोण? मॅडम?" फोरमननं फटीतून डोकावून बघितलं आणि त्याचा आवाज एकदम लहान झाला. "या झोपतात?"

"काम अडलंय का?"

फोरमननं विचार केला. "नाही," तो कुजबुजला. "अजिबात नाही. झोपू द्या." दार त्यानंच हळूच ओढून घेतलं आणि चवड्यांवर चालत निघून गेला. त्या बुटांत चवड्यांवर चालणं अवघड होतं.

मॅडम जाग्या झाल्या तेव्हा बाहेरचा उजेड बदलला होता. त्या गोंधळून बसल्या. स्वतःच्या नाकाला हात लावून बघितला. मग वाकून छकुलीच्या तळव्याला बोटाची मागची बाजू लावली, आणि तशीच ठेवली.

"हीटर कधी लावलात?"

"लावलाच नाही," अक्का म्हणाली.

मॅडमनी भोकासमोर हात धरला. वारा येत होता. त्यांनी गाद्यांच्या खिडक्यांकडे बघितलं, छताकडे बघितलं. "गाडी खोल्यांच्या मागे लावा," त्या म्हणाल्या. "तिथे आडोसा आहे. छतावरचा बर्फ रोज झाडायचा, झाकण बुजता कामा नये. वादळाचा इशारा आला तर तिघांनी बाळाला घेऊन जेवणाच्या हॉलमध्ये यायचं, वाद न घालता. एवढं पाळाल?"

"पाळू."

"आणि या गाद्या कुणी शिवल्यात? फार सुरेख आहेत."

मास्तर उठून उभेच राहिले. छत ठेंगणं होतं. डोकं आपटलं.

मॅडम गेल्यावर लेक गाडीतून उतरली आणि पलीकडे जाऊन डोंगराकडे तोंड करून उभी राहिली. मास्तर तिच्यामागे जायला निघाले. अक्कानं त्यांची बाही धरली. "राहू द्या. तिचं ती येईल." थोड्या वेळानं लेक आली. डोळे लाल, पण डोक्यावर हेल्मेट होतं. "मी जरा आत जाऊन बघून येते," ती म्हणाली. "पाणी कुठे लागलंय ते." आणि ती पळत सुटली. पोटची पोर इतक्या दिवसांत पहिल्यांदा पळताना दिसली.

हिवाळा गाडीत गेला. सोपा गेला नाही. हीटर दोनदा रुसला. एकदा झाकण गोठलं आणि अक्कानं ते गरम पाण्यात बुडवलेल्या फडक्यानं सोडवलं. वादळात तिघं बाळाला घेऊन हॉलमध्ये गेली आणि मास्तर तिथे फोरमनशी पत्ते हरले. पण छकुली गाडीत पालथी पडायला शिकली, पुढे सरकायला शिकली. खोल्यांमधल्या बायकांच्या भिंतींना ओल होती. त्या सकाळी अक्काला बोलवायला यायच्या. अक्का ड्रिल घेऊन जायची. आता तिचा हात थांबत नसे. "घाबरता काय, भोक पाडू द्या," ती बायकांना दटावायची.

एका दुपारी लेक पाजायला आली. खांद्यावरचा बर्फ बाहेर झटकला, हात चोळून गरम केले आणि छकुलीला उचललं. चेहरा चिडल्यासारखा होता, पण नीट चिडलेला नव्हता.

"आज नवीन सर्व्हेवाला आलाय," ती म्हणाली. "त्यानं फोरमनला विचारलं, या कोण? फोरमन काय म्हणाला असेल? बोगद्याचा पहिला दगड फुटला तेव्हापासून मी इथे आहे, आई. तो म्हणाला, या? अक्कांची मुलगी."

मास्तर सुईत दोरा ओवता ओवता हसले. अक्का हसली नाही. ती किटलीकडे बघत राहिली.

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, हो." लेकीनं छकुलीच्या पाठीवरून हात फिरवला. "पण मशिन चालू होतं. त्याला ऐकू गेलं नाही. मग ओरडून सांगितलं."